एकवीस मिलिसेकंदांचा उशीर : नागपूरच्या धरमपेठेतल्या एका लाइव्ह रेकॉर्डिंगचं प्रकरण

डिसेंबरातली शनिवारची रात्र. तेच पाच वादक, तोच हॉल, तेच माइक. साडेसातचा पहिला सेट आज ऐकला तर वाटतं, पाच जण पाच खोल्यांत बसून आपापलं काम उरकताहेत. साडेनऊचा दुसरा सेट लावला की मान आपोआप हलायला लागते. रात्री अकराला वायरी गुंडाळताना यावर सगळ्यांचं एकमत झालं होतं : पहिल्या सेटला मूडच नव्हता, मग चहा झाला, माणसं मोकळी झाली, रंगलं. मीही हो म्हटलं. रेकॉर्डिंग माझ्याकडे होतं, आणि मूड नव्हता म्हटलं की रेकॉर्डिंगवाल्याची सुटका होते.

पुढचे पंधरा दिवस फायली ऐकता ऐकता ते एकमत उसवत गेलं.

आधी माणसं सांगतो. ड्रम, बेस गिटार, कीबोर्ड, टेनर सॅक्सोफोन आणि ढोलकी. ड्रमर सदरचा, चर्चमध्ये वाजवून हात बसलेला. बेसवाला दिवसा मिहानमध्ये नोकरी करतो. ढोलकीवाला मौद्याकडचा, घरात खडी गंमत, म्हणजे विदर्भातलं लोकनाट्य. कीबोर्डवाला बँडचा कर्ता-धर्ता. चाली त्याच्या, व्हॉट्सॲप ग्रुप त्याचा, उधारीही त्याची. आणि सॅक्सवाले काका. साठी ओलांडलेले, महालातले, उभी हयात लग्नाच्या बँडपार्टीत गेलेली. नागपुरात 'आमचा बँड आहे' म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे अजूनही लाल कोट आणि डोक्यावर दिवे घेतलेल्या बायाच येतात. काका त्याच दुनियेतले. डीजे आला, वरातीतलं काम आटलं, तेव्हा या पोट्ट्यांनी त्यांना गाठलं.

वाजवतात ते जॅझ-फंक. गिटार नाही, आणि ते काही गरिबीमुळे नाही. अमेरिकन पियानोवादक हर्बी हॅनकॉकच्या १९७३ सालच्या 'हेड हंटर्स' या अल्बममध्येही गिटार नव्हती. गिटारीची ती खटखट कीबोर्डवरच, क्लॅव्हिनेट नावाच्या तारांच्या इलेक्ट्रिक कीबोर्डवर काढलेली. आमचा कीबोर्डवाला त्याच पंथातला. डाव्या हाताला क्लॅव्हिनेटची खटखट, उजव्या हाताला इलेक्ट्रिक पियानोचे जॅझमधले लांबट कॉर्ड. यात सुरावट कधी एकदोन कॉर्डवर दहा मिनिटं बसून राहते, त्यामुळे ऐकणाऱ्याला धरून ठेवतं ते ठेक्यातलं बारीक काम. फंकचा मोठा गायक जेम्स ब्राउन आपल्या माणसांना पहिल्या मात्रेवर जोर द्यायला लावायचा. आपल्याकडच्या माणसाला समेचं महत्त्व वेगळं सांगायला नको. पण दोन समांच्या मधे प्रत्येक मात्रेचे चार तुकडे होतात, आणि खरी गंमत त्या तुकड्यांत असते. स्नेअरवर, म्हणजे ड्रमरच्या पुढ्यातल्या कडकडीत ड्रमवर, काठी जेमतेम टेकवलेली, बेसची तार दाबून सूर मारलेला, कीबोर्डची एक खट. मिनिटाला ९६ मात्रांच्या लयीत असा एक तुकडा १५६ मिलिसेकंदांचा होतो. हा आकडा लक्षात राहू द्या.

कल्पना कुठून आली

कीबोर्डवाल्याने स्नार्की पपी या अमेरिकन बँडचे व्हिडिओ पाहिले होते. २०१३ साली नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट शहरात त्यांनी एका स्टुडिओत प्रेक्षकांना वादकांच्या मधेच बसवलं, प्रत्येकाच्या कानाला हेडफोन, आणि अख्खा अल्बम तसाच लाइव्ह नोंदवला. ते पाहून याच्या डोक्यात पक्कं बसलं की आपणही असंच करायचं. चाळीस हेडफोनांचं भाडं ऐकल्यावर प्रेक्षकांचे हेडफोन गेले. वादकांचे तेवढे राहिले. अर्धी कल्पना उचलली की होतं ते झालं : जे परवडलं ते घेतलं, आणि ज्यामुळे ते साधलं होतं ते सुटलं. त्या व्हिडिओत माणसं एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेली दिसतात, हे आमच्यापैकी कोणाच्याच नजरेत भरलं नाही.

हॉल म्हणजे धरमपेठेतल्या एका जुन्या घराचा वरचा मजला. उंच छत, खाली गुळगुळीत फरशी, टाळी वाजवली तर ती भिंतीला लागून परत येऊन विचारते, काय काम आहे. बिछायत केंद्रातून चोवीस गाद्या, सतरंज्या आणि मंडपाचे जाड पडदे आणले. ड्रमरला एका कोपऱ्यात गाद्यांच्या भिंतीआड कोंडला. काका समोरच्या टोकाला, खिडकीपाशी. बेसचा ॲम्प आतल्या खोलीत, दार लोटून. कीबोर्ड आणि ढोलकी मधे, पण एकमेकांकडे पाठ करून, कारण ढोलकीच्या माइकात दुसरं काही शिरायला नको होतं. कोणाचाही आवाज कोणाच्याही माइकात गळू नये हा माझा हट्ट. प्रत्येक ट्रॅक धुतल्यासारखा मिळाला की नंतर हवं ते करता येतं, असं मला वाटायचं. अठरा चॅनल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट; तासाला सव्वानऊ जीबी. प्रेक्षक तीसेक, सतरंजीवर, शाली पांघरून.

एक गोष्ट मी तेव्हा क्षुल्लक समजलो. कीबोर्डवाल्याचा पियानो त्याच्या वाद्यातून येत नव्हता. वाद्य फक्त कोणती पट्टी किती जोरात दाबली एवढंच लॅपटॉपला सांगत होतं. आवाज तयार होत होता लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरमध्ये. तो आवाज फार सुंदर होता, हेही खरं. लॅपटॉप जुना, त्यामुळे मधे कटकट आवाज येऊ नये म्हणून त्याने बफर ५१२ वर ठेवलेला. म्हणजे मशीन ५१२ नमुने साठवून मग पुढे ढकलणार. सेकंदाला ४८ हजार नमुने, त्याने भागलं की तेवढेच पावणेअकरा मिलिसेकंद होतात, आणि जाता-येता इतर टप्प्यांवर लागणारा वेळ वेगळा. मी विचारलं, "उशीर जाणवतो का रे?" तो म्हणाला, "सवय आहे न भाऊ."

पहिला सेट

काकांनी हेडफोन पाहूनच तोंड वाकडं केलं. "कानात बुचं घालून कोन वाजवते बे?" तरी लावले. थंडी होती, हॉलच्या खिडक्या नीट लागत नव्हत्या. सॅक्सोफोनच्या नळीतली हवा एका अंशाने गार झाली की सूर साधारण ३ सेंटने उतरतो. १०० सेंट म्हणजे अर्धा स्वर. लॅपटॉपचा पियानो मात्र मे महिन्यातही तिथेच आणि डिसेंबरातही तिथेच. पहिल्या गाण्यात काका स्पष्ट उतरलेले आहेत. दुसऱ्याच्या आधी त्यांनी मुखाकडचा भाग बुचावर थोडा आत सरकवला आणि फुंकून फुंकून नळी गरम केली; मग जुळलं. वरातीत कोण एवढं बघतं, पण हात विसरलेले नव्हते.

बाकी सेट ऐकताना मी मॉनिटरवर खूश होतो. किकमध्ये, म्हणजे पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमच्या माइकात, फक्त किक, सॅक्समध्ये फक्त सॅक्स. चार गाणी झाली. टाळ्या पडल्या, पण त्या लग्नात आहेर देताना पडतात तशा. ड्रमर गाद्यांच्या मागून बाहेर आला आणि म्हणाला, "काहीतरी लागून राहिलं." म्हणजे काय, हे त्याला सांगता येईना. बेसवाल्याचं म्हणणं, कीबोर्ड ओढतो आहे. कीबोर्डवाल्याचं म्हणणं, ड्रम पळतो आहे.

त्यावर भांडण व्हायचं ते झालं नाही, कारण तेवढ्यात मला दुसरंच सापडलं. शेवटच्या गाण्याचा शेवटचा कॉर्ड विरल्यावर कीबोर्डच्या दोन्ही चॅनलवर एक बारीक गूं राहत होती. वाजवताना ती दबून जात होती, म्हणून चार गाणी मला पत्ता नाही. खालून चहा आणि आलुबोंडे आले होते, सगळे तिकडे. मी हेडफोन लावून बसलो आणि पोटात गोळा आला.

त्या गुणगुणीवर थोडं थांबतो, कारण पहिला सेट हातचा गेला तो आधी तिच्यामुळे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तिची गूं आली की ती एकटी येत नाही. ५०, १००, १५०, २००, २५०, ३००, ३५० अशी पोरंबाळं घेऊन येते. आता पियानोच्या पट्ट्यांवर हे बसवून पाहा. खालचा जी ४९ हर्ट्झचा. त्यावरचा जी ९८. मग डी १४७, जी १९६, बी २४७, डी २९४, एफ ३४९. म्हणजे ही गूं एक अख्खा जी सेव्हन कॉर्ड आहे, फक्त थोडा चढलेला, जीच्या वर साधारण ३५ सेंट. कोणीतरी जरासा चढलेला तानपुरा चालू ठेवून निघून जावं तसं. आणि पहिल्या सेटची दोन गाणी 'जी मायनर'मध्ये. मायनरचा कोमल गंधार २३३ वर, आणि गुणगुणीतला शुद्ध गंधार २५० वर बसून त्याला वाकुल्या दाखवतोय.

"फिल्टर मार न," कीबोर्डवाला म्हणाला. खालचे ५० आणि १०० काढायला काही लागत नाही, पियानोला तिथे फारसं कामच नव्हतं. पण २०० काढायचा तर १९६ चा जी शेजारीच. चार हर्ट्झच्या फटीत कात्री घालायची, आणि इलेक्ट्रिक पियानोचा गाभा नेमका तिथेच. नंतर घरी करून पाहिलं. गूं गेली, आणि पियानो सर्दी झाल्यासारखा बोलायला लागला. वाजवताना कोणत्या पट्ट्या कधी दाबल्या त्याची मिडी नोंद जरी वेगळी करून ठेवली असती, तर पियानो नंतर स्वच्छ पुन्हा काढता आला असता. लॅपटॉपवर एक बटण दाबायचं होतं. ते दाबायला मी सांगितलं नाही.

कारण दहा मिनिटांत सापडलं. मिक्सर हॉलच्या बोर्डावर, आणि लॅपटॉपचा तीन पिनांचा चार्जर आतल्या खोलीत, जिथली लाइन खालच्या मजल्याच्या मीटरवरून आलेली. दोन ठिकाणचं अर्थिंग, मधे आवाजाची वायर, आणि तिच्या जाळीतून फिरणारा प्रवाह. चार्जर उपटला, गूं बंद. पण लॅपटॉपची बॅटरी वीस मिनिटांचीही नव्हती. हॉलच्या बोर्डावर चार्जर लावू म्हटलं तर तिथल्या मोकळ्या सॉकेटला अर्थची पिन म्हणजे नुसतं भोक. मागे वायरच नाही. एकाने सुचवलं की चार्जरची अर्थची पिन काढून टाकू. हे नागपुरात फार चालतं आणि मी ते कधीही करू देत नाही. हातात लोखंडी तारांचं वाद्य असलेला माणूस शेजारी उभा असतो.

मग कीबोर्डवाल्याने नाइलाजाने लॅपटॉप मिटला. त्याच्या वाद्यात कंपनीने भरलेला एक बरा-वाईट इलेक्ट्रिक पियानो होता, तोच घ्यायचं ठरलं. काका म्हणाले, "मंग आता हे बुचंबी ठेवा तिकडं. मले ह्याचा पाय दिसला पाहिजे." ह्याचा म्हणजे ड्रमरचा. गाद्या पाडल्या. कीबोर्डला छोटा ॲम्प दिला, बेसचा ॲम्प बाहेर ओढला, आणि पाचही जण दोन मीटरच्या घेऱ्यात आले. मला वाटलं, माझं स्वच्छ रेकॉर्डिंग संपलं. एवढंच केलं की काकांच्या माइकाची पाठ ड्रमकडे वळवली. कार्डिऑइड माइक मागच्या बाजूने जवळपास बहिरा असतो, तेवढा आडोसा.

दुसरा सेट आणि वरात

दुसऱ्या सेटचं पहिलं गाणं सुरू झालं आणि आठव्या आवर्तनाला सतरंजीवरची माणसं हलायला लागली. ढोलकीवाल्याने पहिल्यांदाच ड्रमरकडे बघून लग्गी, म्हणजे ठेक्याची जलद लड, टाकली आणि ड्रमर हसला. ते हसू अख्ख्या खोलीचा आवाज टिपणाऱ्या माइकात आहे. यावर जास्त लिहीत नाही. ऐकायचं ते लिहिता येत नाही.

शेवटचं गाणं संथ, नुसता सॅक्स आणि पियानो. ते मुद्दाम शेवटी ठेवलेलं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. गल्लीच्या टोकाला मंगल कार्यालय आहे, तेव्हा दहानंतर शांतता मिळेल असा माझा हिशोब. दहा वाजून वीस मिनिटांनी, काका सोलोच्या ऐन मध्यावर असताना, वरात आली. डीजेची गाडी, खालच्या सुरांनी खिडकीची तावदानं थरथरताहेत, वर एक गाजलेलं हिंदी गाणं. काकांनी वाद्य खाली ठेवलं नाही. त्यांनी फक्त सूर लांबवले आणि पियानोवाल्याला डोळ्याने थांबायला सांगितलं. वरात पुढे गेली तेव्हा गाणं पुन्हा जिथे होतं तिथून उचललं. सगळ्या रात्रीतलं हे सर्वांत चांगलं वादन, आणि ते बाहेर काढता येत नाही. आवाज साफ करायचा प्रश्नच नाही, सॅक्सच्याच माइकात ते हिंदी गाणं ओळखू येईल एवढं आहे. यूट्यूबवर टाकलं की दुसऱ्याचं गाणं ओळखणारी त्यांची यंत्रणा, कंटेंट आयडी, ते पकडणार आणि दावा लागणार. चाल आमची, वादन आमचं, आणि कमाई गल्लीतून गेलेल्या गाण्याच्या मालकाची.

फायली काय म्हणतात

इथून खरं प्रकरण. घरी बसून दुसऱ्या सेटची तीन गाणी जुळवायला घेतली. हट्ट सोडल्याची शिक्षा लगेच मिळाली : काकांचा आवाज वर करावा तर झांजा वर येतात, स्नेअर उजळ करावा तर पियानो उजळ होतो. पण चार दिवसांत कळलं की काही करायचीच गरज कमी आहे. सगळे माइक एकदम उघडले की एक खोली उभी राहते.

मग उत्सुकतेपोटी पहिला सेट पुन्हा काढला. दोन्ही सेटमध्ये एक गाणं सारखं होतं, त्याच लयीत. स्क्रीनवर किकची लाट, बेसची लाट आणि पियानोची लाट एकाखाली एक लावल्या आणि मोठ्या करून पाहिल्या. दुसऱ्या सेटमध्ये बेस बहुतेक ठिकाणी किकच्या किंचित मागे, आणि जवळजवळ सारखाच मागे. हे हवंच असतं. पहिल्या सेटमध्ये मात्र बेस एका आवर्तनात पुढे, दुसऱ्यात मागे, आणि पियानो तर बराच मागे. मग अचानक चार आवर्तनं बरोबर, मग पुन्हा मागे.

माझा पहिला निष्कर्ष सोपा होता : लॅपटॉपचा उशीर. तेव्हा पियानोचा ट्रॅक तेवढा पुढे सरकवला की काम झालं. सरकवला. जिथे मागे होता तिथे बसला, आणि जिथे आधी बरोबर होता तिथे आता आगाऊ पडायला लागला. म्हणजे माणूस काही ठिकाणी उशीर ओळखून पट्टी आधी दाबत होता आणि काही ठिकाणी नाही. संथ कॉर्डना ते जमत होतं. क्लॅव्हिनेटच्या खटखटीत, जिथे १५६ मिलिसेकंदांचे तुकडे आहेत, तिथे जमत नव्हतं. 'सवय आहे'चा अर्थ हा. आणि बाकीचे हेडफोनमधून तो कधी मागे कधी बरोबर असलेला पियानो ऐकून त्याला सांभाळून घेत होते. बेसवाला मागे सरकायचा, ड्रमर ओढून पुढे न्यायचा. दोघांच्याही तक्रारी खऱ्या होत्या.

आणि मग तिसऱ्या गाण्यातला एक तुकडा सापडला, चाळीसेक सेकंदांचा. गूं आहे, गाद्या आहेत, हेडफोन आहेत, सगळं तेच, आणि तरी बेस आणि ड्रम असे बसले आहेत की दुसऱ्या सेटमधलं वाटावं. मी दोनदा तपासलं की चुकून दुसरी फाइल तर उघडली नाही. मग पियानोचा ट्रॅक पाहिला : सपाट. तिथे कीबोर्डवाल्याने बेस आणि ढोलकीला जागा देऊन हात काढून घेतले होते.

एवढ्यावर मी निवाडा दिला असता, पण मधल्या वेळात एकाच वेळी तीन गोष्टी बदललेल्या होत्या : लॅपटॉप गेला, हेडफोन गेले, अंतर गेलं. कोणती कारणीभूत हे त्या रात्रीच्या फायली सांगू शकत नव्हत्या. जानेवारीत एका रविवारी त्रिमूर्तीनगरला त्यांच्या सरावाच्या खोलीत गेलो. आधी उशीर मोजला. कीबोर्डच्या पट्टीला चिकटून एक माइक ठेवला, एक पट्टी खाडकन दाबली, आणि पट्टीचा ठक आणि लॅपटॉपमधून आलेला सूर यांतलं अंतर स्क्रीनवर पाहिलं. एकवीस मिलिसेकंद. आवाज हवेतून तेवढ्या वेळात सात मीटर जातो. म्हणजे तो पोरगा पूर्ण सेटभर स्वतःच्या बोटांपासून सात मीटर लांब बसून वाजवत होता, आणि आमच्या लयीच्या एका तुकड्यातला सातवा-आठवा हिस्सा त्यात जात होता.

मग कीबोर्डवर चादर टाकली, म्हणजे आवाज लॅपटॉपचा की वाद्यातला हे बाकीच्यांना दिसू नये. पियानोचा आवाज दोन्हीकडे शक्य तितका सारखा केला. जवळ बसून, हेडफोन न लावता, लॅपटॉप : ड्रमर तिसऱ्याच आवर्तनाला थांबला. "हेच. हेच लागून राहिलं होतं." लॅपटॉप काढून, लांब बसून, हेडफोन लावून : ठेका बसला, पण ढोलकीवाला लग्गी टाकेना, बेसवाला म्हणाला, ठीक आहे, मजा नाही. लॅपटॉप, पण बफर ६४ वर उतरवून : वाजवायला उत्तम, आणि दर मिनिटाला फुटाणे फुटल्यासारखा आवाज, जुनं मशीन. पाच माणसं, एक दुपार. यावरून कोणी नियम काढू नये. आमच्यापुरतं एवढं नक्की झालं की ठेका लॅपटॉपने मोडला होता, आणि जवळ बसल्याने जे आलं ते ठेक्यावरचं होतं.

कीबोर्डवाल्याला हे पुरतं पटलेलं नाही. त्याचं म्हणणं, पहिला सेट थंड होता, लोक नवीन होते, काकांचा सूर उतरला होता. काकांचा सूर उतरला होता हे खरंच आहे. पण त्याने पुढच्याच आठवड्यात जुनं का होईना, स्वतःचा आवाज असलेलं दुसरं वाद्य पाहायला सुरुवात केली, सीताबर्डीला दोन चकरा झाल्या, आणि मला म्हणाला, "आवाजासाठी नाही घेऊन राह्यलो, वजनाने हलकं आहे म्हणून."

दुसऱ्या सेटची तीन गाणी बाहेर आली. कंपनीच्या पियानोचा आवाज फडतूस आहे अशी एक तक्रार आली, ती रास्त आहे. पहिल्या सेटमधला तो चाळीस सेकंदांचा तुकडा मी वेगळा काढून ठेवलाय. त्यात गूं असूनही नसल्यासारखी, कारण पियानोचे चॅनल तिथे बंद करता आले. काका मोबाइलवर गाणी ऐकत नाहीत. त्यांना पेनड्राइव्हवर तिन्ही गाणी दिली तर म्हणाले, "अन् वरातवालं?" ते बाहेर काढलं नाही, म्हटलं, त्यात डीजेचं गाणं आलंय काका, दावा लागेल.

"मी कोनाले विकून राह्यलो? दे टाकून त्याच्यात."

टाकून दिलं. गाणं अकरा मिनिटांचं आहे, वरात त्यात पावणेतीन मिनिटं.